पाठवणीची चाल आणि वॉल्टर

वॉल्टर गेल्याचं मला ऑफिसात ई-मेलवरून कळलं. लंडनजवळच्या वॉटफर्डच्या हौशी ऑपेरा मंडळाच्या सेक्रेटरी मिसेस बार्लो यांचं चार ओळींचं पत्र होतं. वॉल्टर मंगळवारी सकाळी हॉस्पिटलमध्ये वारले, फ्युनरल पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता, फुलं नकोत, काळे कपडे नकोत, त्यांचीच तशी इच्छा होती. खरं सांगते, मला रडू आलं नाही. पहिला प्रश्न मनात आला तो हा, की हे पत्र मला का? चार वर्षांत आमचं एक अक्षर बोलणं नव्हतं. शेवटचं बोलणं झालं ते मी त्यांना चारचौघांत चोर म्हणाले तेव्हाचं. मग माझा पत्ता यांच्या यादीत कुणी ठेवला, आणि कशासाठी? पत्र बंद करून मी मीटिंगला गेले, आल्यावर पुन्हा उघडलं. वर माझं नाव पूर्ण लिहिलेलं होतं... छाया महादेव लोखंडे. इंग्लंडमध्ये मधलं नाव कुणी विचारत नाही. माझं मात्र वॉल्टरना माहीत होतं.

त्यांचं खरं नाव वाउटर हाझेलार. डच माणूस. वॉटफर्डच्या लोकांना ते नाव झेपेना, म्हणून त्यांचा वॉल्टर झाला आणि तीस-पस्तीस वर्षं वॉल्टरच राहिला. धंद्याने संगीतकार, लिहायचे ते लाइट ऑपेरा. ऑपेरा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुणीतरी मरता मरता अर्धा तास गाताना येतं. लाइट ऑपेरा हा त्या घराण्यातला धाकटा, खोडकर भाऊ. गाणी, बोलणं, थोडा नाच, भरपूर गैरसमज, आणि शेवटी सगळ्यांची लग्नं. आपल्या संगीत नाटकाच्या जवळचंच काहीतरी. तरुणपणी हॉलंडमध्ये त्यांचे दोन-तीन ऑपेरा रेडिओवर लागले होते म्हणे. मग पेगी नावाच्या इंग्लिश नर्सशी लग्न करून ते तिच्या गावाला आले, पोरांना पियानो शिकवला आणि दर दोन-तीन वर्षांनी एक ऑपेरा लिहून त्या हौशी मंडळाला दिला. गाणारे कोण? डेंटिस्ट, बँकेतली बाई, बसड्रायव्हर. मोठ्या संगीतकारांच्या पंगतीत वॉल्टरचा पाट कुणी मांडला नाही. ते स्वतः म्हणायचे, "लोकांनी माझं गाणं घरी न्यावं, एवढंच." मी मनात म्हणायचे, बोलायला काय जातंय!

मी त्यांच्या घरी राहायला गेले ते दुकानाच्या काचेवरचं कार्ड वाचून. वरची खोली, खिडकीतून दिसणारं सफरचंदाचं झाड, स्टेशन दहा मिनिटांवर. पेगी जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनी नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. विचारलं काय, तर "पियानोचा त्रास होतो का?" आणि मग मला म्हणाले, "जरा जिना चढून दाखवता?" मी चढले. खाली मान वाकडी करून ते माझ्या पावलांचा आवाज ऐकत उभे. उतरले तर म्हणाले, "छान. खोली तुमची." ऑफिसात माझ्या शेजारी पुण्याची मंजिरी बसायची, तिला हे सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच. "बाई गं, जिना चढून दाखवा काय! मुलगी बघायला आले होते का? एकटा म्हातारा, एकटी तू. दाराला आतून कडी आहे ना?" कडी होती. मी ती लावत होते. पुढे कळलं की ही त्यांची कामाची रीत होती. कुठलीही चाल कागदावर पक्की करण्याआधी ते कुणाला तरी तिच्यावर चालायला लावत. पोस्टमन, शिकायला येणारी पोरं, एकदा तर गॅसचं मीटर वाचायला आलेला माणूससुद्धा हॉलमध्ये तीन फेऱ्या मारून गेला. "पाय अडखळला तर चाल चुकली," असं त्यांचं म्हणणं. पण हे कळेपर्यंत माझ्या मनात जे बसायचं ते बसलं होतं.

आता माझ्याबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी तासगावची. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली, आणि इंजिनियर झालेली आमच्या वस्तीतली पहिली. याचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही. लपवत होते ते दुसरंच. माझे वडील, अण्णा, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि पायात पावसाळी चप्पल. अख्खा तालुका त्यांना महादेव मास्तर म्हणायचा, पण वरात दारात पोचली की मास्तर बाहेर आणि वऱ्हाड आत. जेवण शेवटच्या पंगतीनंतर, मांडवाच्या मागे. लग्नपत्रिका आठवा. आपल्याकडे पत्रिकेत कुणाचं नाव नसतं? आजोबा, पणजोबा, चुलत्यांचे जावई, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी दोन वर्षांची पोरं. ज्याच्या वाजवण्याशिवाय नवरा घोड्यावरनं उतरत नाही त्याचं नाव मात्र कधी नाही. मी लहानपणी प्रत्येक पत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, कुठं लोखंडे दिसतंय का बघायला. मंजिरीने एकदा विचारलं, "वडील काय करतात गं?" मी म्हणाले, "संगीतात आहेत." ती म्हणाली, "अय्या, शास्त्रीय?" मी मान हलवली... ती हो अशी हलली की नाही अशी, ते मी तिच्यावर सोडलं.

निघताना अण्णांनी मला एक कॅसेट दिली होती, तालमीच्या खोलीत टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवून भरलेली. मध्येच कोंबडा ओरडतो, मध्येच कुणीतरी चहा सांगतो. तिच्यात त्यांची पाठवणीची चाल होती. नवरी सासरी निघते तेव्हा अण्णा बाकीची वाद्यं थांबवत आणि क्लॅरोनेटवर एकटे ती वाजवत. आधी साधी, सरळ, झोके घेत जाणारी. मग मध्येच ती एका सुरावर थांबते, मागे वळते, पुन्हा तिथंच येते, जणू उंबऱ्याशी घुटमळते, आणि मग सुटते. तिथं दगडाचं माणूस रडायचं. पंचक्रोशीत तिला मास्तरांची चाल म्हणत. रविवारी सकाळी केस धुऊन मी ती कॅसेट लावायचे, आवाज बारीक करून.

अशाच एका रविवारी दार उघडलं तर वॉल्टर जिन्यात उभे. हातात पेन्सिल. माझ्या अंगावर काटा आला. कधीपासून उभे होते हे?

"माफ करा, मिस लोखंडे," ते म्हणाले, "हे काय वाजतंय?"

"माझ्या वडिलांची चाल आहे."

"त्यांनी वाजवलेली?"

"त्यांनी केलेली."

ते माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं मला अजून आठवतं, डोळे बारीक केलेले, ओठ हसू की नको अशा बेतात. मग हळूच म्हणाले, "सगळीच?"

बँडवाल्याची पोर आहे म्हणून मला असा प्रश्न लहानपणापासून ओळखता येतो. गणितात पैकीच्या पैकी पडले तेव्हा शाळेतल्या मास्तरांनी असंच विचारलं होतं, 'सगळी तूच सोडवलीस?' मी ठणकावून म्हणाले, "सगळीच." त्यांनी दोन दिवसांसाठी कॅसेट मागितली. मी नाही म्हणाले. ते "बरं" म्हणून खाली गेले. मी कॅसेट सुटकेसमध्ये टाकली, सुटकेसला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली. मंजिरीला म्हणाले, "डचमन माझ्या वडिलांच्या संगीतावर डोळा ठेवून आहे." ती म्हणाली, "ठेवणारच! यांनी आपलं काय सोडलंय? तू कॉपीराइट बघ." दोन आठवड्यांनी शनिवारी सकाळी मी दूध घेऊन परत आले, तर खालच्या खोलीतून पियानोवर तेच घुटमळणं ऐकू येत होतं. एकदा, दोनदा, दहादा. आता जिन्यात उभी राहून चोरून ऐकणारी मी होते. मी मुद्दाम पाय आपटत चढले आणि पियानो थांबला. तो थांबला यालाच मी पुरावा धरलं. निर्दोष माणूस कशाला थांबेल? पुढं सहा महिने मी त्या घरात पुरावे गोळा करत राहिले. ते माझ्यासाठी बागेतली सफरचंदं जिन्याच्या पायरीवर ठेवत, मला वाटे लाच आहे. मला ताप आला तेव्हा दाराबाहेर सूप ठेवलं, मी ते सिंकमध्ये ओतलं.

मग नव्या ऑपेराचे प्रयोग लागले. वॉल्टरनी मला दोन तिकिटं दिली, शनिवारच्या दुपारच्या खेळाची. मी मंजिरीला घेऊन गेले. गोष्ट अशी. कालव्यावरचा उचलायचा पूल सांभाळणारा एक हेकट बाप असतो. ज्याचं तोंड आवडत नाही त्याच्या बोटीसाठी तो पूल उचलत नाही. त्याच्या मुलीला पसंत पडलेल्या नावाड्यासाठी तर नाहीच नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मात्र तो स्वतःच्या हाताने चाक फिरवतो, पूल वर जातो, मुलगी बोटीतून निघते. सगळी वाद्यं थांबली. क्लॅरोनेट एकटं सुरू झालं... आणि थिएटरात तासगाव उभं राहिलं. एका सुरावर थांबलं, मागे वळलं, उंबऱ्याशी घुटमळलं. मंजिरी कानाशी म्हणाली, "काय गोड आहे गं." तिला काय सांगू? ही चाल कुणाची, ते सांगायचं तर कुठं वाजते तेही सांगावं लागणार. माझी चोरी झाली होती आणि फिर्याद द्यायची तर स्वतःचं घर दाखवावं लागत होतं. त्या रागात हाही राग मिसळला होता, हे आज कळतं.

मध्यंतरात ते बाहेरच्या चहाच्या टेबलाशी कपबशी घेऊन उभे होते. आजूबाजूला मंडळाचे लोक, मिसेस बार्लो किटली घेऊन. मी सरळ गेले आणि म्हणाले, "ती चाल माझ्या वडिलांची आहे. तुम्ही मागितली, मी नाही म्हणाले, तरी तुम्ही घेतली. तुम्ही चोर आहात." इंग्रजीत 'थीफ' हा फार छोटा शब्द आहे, पण तो सगळ्यांनी ऐकला. वॉल्टरनी कप बशीत ठेवला. म्हणाले, "हो. तुम्ही ऐकलंत ते तुमच्या वडिलांचं आहे. मी पुन्हा विचारायला हवं होतं. माझी चूक झाली." एवढंच. ना आवाज चढवला, ना सबब सांगितली. मी तिसऱ्या अंकाला थांबले नाही. रविवारी सकाळी माझ्या दाराखालून एक कार्यक्रमपत्रिका सरकवलेली दिसली. आतल्या पानावर कापून चिकटवलेली एक चिठ्ठी, छापलेली... 'दुसऱ्या अंकातील क्लॅरोनेटची चाल : महादेव लोखंडे, तासगाव.' दुपारचा आणि संध्याकाळचा खेळ यांच्यामध्ये ते गोंद घेऊन बसले होते आणि दोनशे पत्रिकांत दोनशे चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मला त्याचं काही वाटलं नाही. पकडला गेला म्हणून छापलं, असं मी मंजिरीला सांगितलं. महिन्याभरात खोली सोडली आणि हाउन्सलोला राहायला गेले.

पत्रिका अण्णांना पाठवली. त्यांनी ती फ्रेम करून तालमीच्या खोलीत लावली. गावातली माणसं बघायला आली, शाळेतले मास्तरसुद्धा. पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत शेवटच्या ओळीत छापून आलं, 'बँड : महादेव मास्तर (लंडन फेम)'. अण्णा फोनवर हसून हसून खोकले. "आगं, लंडनला गेली तू आन् फेम झालो मी!" मला वाटलं, बरं झालं भांडले. भांडल्याशिवाय आपल्या माणसाचं नाव कुणी छापत नाही.

तर मी वॉल्टरच्या फ्युनरलला गेले. ओढ होती म्हणून नाही; माझ्या वडिलांबद्दल तिथं कुणी काही बोलतंय का, हे ऐकायचं होतं. पंचवीस-तीस माणसं होती. मी मागच्या बाकावर बसले. दोन भाषणं झाली, एक विनोद झाला, आणि शवपेटीपुढचा पडदा सरकायला लागला तेव्हा स्पीकरवर एक रेकॉर्ड लावली. हॉलंडात रस्त्यावर चाकांचे भलेमोठे बाजे फिरतात, चाक फिरवलं की आपोआप वाजणारे, त्यातल्या एकाची. आणि बाजा वाजवत होता अण्णांची चाल.

माझं रक्त तापलं. मेल्यावरसुद्धा? इथंही? मी बाक घट्ट धरून ऐकत होते. तीच साधी, झोके घेणारी सुरुवात. मग ती जागा आली. माझे कान थांबण्यासाठी तयार झाले, मागे वळण्यासाठी, उंबऱ्यासाठी... आणि बाजा थांबलाच नाही. सरळ पुढं निघून गेला. पुन्हा सुरुवात आली, पुन्हा ती जागा आली, पुन्हा काहीच नाही. गावातला एक रस्ता असावा आणि त्याच्यावरचं आपलं घरच नसावं, तसं झालं मला.

बाहेर वॉल्टरची भाची उभी होती, मरायके, हॉलंडातल्या डेव्हेंटरहून आलेली, पन्नाशीची. मी नाव सांगितलं नाही, आधी विचारलं, "ती रेकॉर्ड कशाची?" ती म्हणाली, "बाजाराच्या दिवशी वाजणाऱ्या बाज्याची जुनी चाल. कुणाची ते कुणालाच माहीत नाही. मामा लहानपणी त्या बाज्यामागं पळायचा. मला झोपवताना शिट्टीवर हीच वाजवायचा." मी विचारलं, "केव्हाची गोष्ट ही?" मला वाटलं, पकडते हिला. ती हसली. "मी चार वर्षांची असेन. तुम्ही तेव्हा जन्मलाही नसाल." मग मी नाव सांगितलं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "लोखंडे? मग तुम्ही घरी या."

घरी तिने मला त्या ऑपेराचं हस्तलिखित दाखवलं. मला नोटेशन वाचता येत नाही, पण नावं वाचता येतात. पानापानावर, समासात, पेन्सिलीने बारीक नावं होती. कुठं दूधवाला, कुठं 'पेगीची किटली', कुठं गॅसचं मीटर वाचणारा, एका ठिकाणी जिना आणि माझं नाव. ज्याच्याकडून जे उचललं त्याचं नाव तिथं. आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी, आठच मापांच्या, म्हणजे तालाच्या आठ घरांच्या, वर, 'एम. लोखंडे, छायाचे वडील', खाली तारीख. मरायकेने मला ती तारीख वाचून दाखवली. भांडणाच्या सहा महिने आधीची, मी पाय आपटत जिना चढले त्याच शनिवारची! मरायकेने पियानोवर आधी बाज्याची चाल वाजवली, मग ती आठ मापं. तिच्या मामाने बाज्याची चाल ऑपेरात घेतलीच नव्हती. माझ्या डोक्यात ती अख्खी होती, म्हणून मला थिएटरात अख्खी ऐकू आली. त्यांनी घेतलं होतं फक्त घुटमळणं. जिन्यातला तो प्रश्न, 'सगळीच?'... त्यांना लहानपणची चाल माझ्या दारामागून ऐकू आली होती, आणि तिच्या मध्ये कुणीतरी नवं काहीतरी बांधलेलं होतं.

त्याच दिवशी दुपारी मी कॉलिंग कार्ड खरवडलं आणि अण्णांना फोन लावला.

"अण्णा, पाठवणीची चाल कुणाची?"

"का गं? आमच्या वस्तादाची. त्येला बेळगावच्या कँपातल्या गोऱ्या बँडाकडनं गावली हुती."

"मग मास्तरांची चाल का म्हणतात?"

"मधलं तेवढं माझं न्हवं का. चाल हुती बारकी. ती संपायची, तरी नवरी आईला सोडत नसायची. मोटारीत बसंना. नुसतं हुभं राहून काय करायचं? म्हनून मधी लांबवली. ती बसंपतूर घोळवायची, बसली की सोडायची."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"तू कवा इचारलंस?" मग म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला वळाकलं व्हय? नेमकं तेवढंच घेतलं? ...कान हुता गं त्येला." आणि मग घाबरल्यासारखं, "मंग आता ती फ्रेम काढू का भितीवरनं?"

"काढू नका," मी म्हणाले. "त्यांनी लिहिलंय ते बरोबर आहे."

वॉल्टरना मी सबंध माफ केलेलं नाही. ती आठ मापं त्यांनी मी नाही म्हटल्यावर घेतली, हे खरंच आहे, आणि ते त्यांनी कबूल केलं. पण बाकीचं ते का बोलले नाहीत? 'मुली, ही चाल माझ्या गावची आहे', एवढं म्हणाले असते तर मी त्या चहाच्या टेबलाशी तोंडावर पडले असते. दया केली का माझ्यावर? मला कुणाची दया चालत नाही. मरायकेला मी हे विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही ऐकलंत ते तुमच्या वडिलांचं आहे, असंच म्हणाला ना तो? खरं तेच बोलला. आणि पुढचा अंक सुरू व्हायचा होता, त्याला गाणाऱ्यांची काळजी असणार." मला हे उत्तर पुरत नाही. पण दुसरं मिळणार नाही.

खरा धक्का पुढं होता. मंडळाने वॉल्टरच्या आठवणीसाठी त्या ऑपेराचा एक खेळ ठेवला, गेल्या महिन्यात, शनिवारी दुपारी. मी मंजिरीला घेऊन गेले. ट्रेनमध्ये तिला सांगितलं, माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. ती म्हणाली, "मग पाच वर्षं मला येडं बनवलंस होय गं?" आणि जरा वेळाने, "माझ्या मावसबहिणीच्या लग्नात सांगलीला बँड होता. आम्ही त्यांना विचारलं तरी होतं का, जेवलात का म्हणून... मला आठवत नाही." पुढं वॉटफर्डपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

चहाच्या टेबलाशी मिसेस बार्लो भेटल्या. मी त्यांना विचारलं, वॉल्टरनी मधल्या चार वर्षांत काय लिहिलं? त्या म्हणाल्या, "काही नाही, डिअर. आमच्या कमिटीने त्याच्यानंतर त्यांचं काही केलंच नाही. तुमच्या त्या प्रसंगानंतर लोकांना शंका यायला लागली. ही चाल त्यांची नाही, तर आधीच्या सगळ्या तरी कुणाच्या? एक बाई म्हणाल्या, त्यांच्या जुन्या, वसंत ऋतूवरच्या ऑपेरातलं गाणं मी लहानपणी ऐकलंय. दुसरे म्हणाले, मलाही तसंच वाटायचं. तुम्हाला माहीत आहे, कसं होतं ते." मला माहीत होतं. वस्तीत कुणाच्या घरी भांडं हरवलं की कसं होतं, ते मला फार चांगलं माहीत होतं. मी सगळं सांगितलं. बाजा, आठ मापं, समासातली नावं, तारीख. मरायकेकडून पानांच्या झेरॉक्स आणल्या होत्या, त्या टेबलावर पसरल्या. मिसेस बार्लोंनी चष्मा लावून बघितलं. कमिटीतले दोघे वाकून बघून गेले. मग मिसेस बार्लोंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "फार मोठं मन आहे तुमचं. पण वॉल्टर स्वतः कमिटीपुढे म्हणाले होते, मुलीचं बरोबर आहे. आता त्यांना माफ करायला आलात, हे छानच केलंत."

"मी माफ करायला आले नाही. मी चुकले ते सांगायला आलेय."

"हो, हो, डिअर," त्या म्हणाल्या आणि किटली उचलून पुढच्या माणसाकडे वळल्या. मी खरं सांगत होते आणि त्या मला धीर देत होत्या. चोर म्हणायला मला एक शब्द पुरला होता. तो मागे घ्यायला झेरॉक्सही पुरेना. म्हणून हे इथं लिहितेय, नाव घालून. वाउटर हाझेलार यांनी माझ्या वडिलांची आठ मापं मी नाही म्हटल्यावरही घेतली आणि पहिल्या दिवशी त्यांचं नाव लिहून ठेवलं. बाकीचं सगळं संगीत त्यांचं होतं, किंवा ज्याचं होतं त्याचं नाव तिथं होतं.

खेळ संपायच्या आधी एक स्वयंसेवक बाई मला बाहेरच्या दारापाशी घेऊन गेल्या. म्हणाल्या, वॉल्टर शेवटचं गाणं कधी आत बसून ऐकत नसत. कोटांच्या खुंट्यांजवळ इथं, या कोपऱ्यात उभे राहायचे, लोक काय गुणगुणत बाहेर पडतात ते ऐकायला. मी तिथं उभी राहिले. खेळ सुटला, माणसं बाहेर आली. बहुतेकांच्या तोंडी ऑपेरातल्या गावच्या मेयरचं विनोदी गाणं होतं, एक बाई बोटीचं कोरस म्हणत गेली. अण्णांचं कुणीच नाही. मला वाटलं, असंच असतं. शेवटी एक म्हातारा आला, एकटाच. कोटाची एक बाही चढवली, दुसरी सापडेना. हात मागे नेऊन तो चाचपडत होता आणि तोंडाने, लक्ष नसताना, ती मधली जागा घोळवत होता. थांबायचा, मागे वळायचा, पुन्हा तिथंच यायचा. मी मदतीला पुढं होणार होते, पण थांबले. चौथ्या खेपेला हात बाहीत शिरला. मग त्याने ती सोडली, टोपी घातली आणि बाहेर गेला.